शाम्पू-क्रीमच्या लेबलवर नेमकं काय बघायचं?

प्रश्न
क्रीम, लोशन, डिओच्या मागची घटकांची यादी वाचून डोकं गरगरतं. पुढच्या बाजूला ‘पॅराबेन-फ्री’, ‘नॅचरल’ लिहिलेलं असतं, त्यावर कितपत विसंबायचं? कोणती नावं दिसली की बाटली परत ठेवायची? यापेक्षा घरीच क्रीम केलेलं बरं का?

प्रतिसाद १
यादी शेवटून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण १ टक्क्याखालचे कसेही मागेपुढे लिहिता येतात. प्रिझर्व्हेटिव्ह (जंतू वाढू न देणारे घटक) आणि सुगंध बहुधा तिथेच सापडतात. डीएमडीएम हायडँटॉइन, क्वाटर्नियम-१५, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायाझोलिडिनिल युरिया या प्रिझर्व्हेटिव्हांतून ॲलर्जी करू शकणारं फॉर्मल्डिहाइड थोडं थोडं सुटत राहतं. मिथाइलआयसोथायाझोलिनोन या प्रिझर्व्हेटिव्हची ॲलर्जी इतक्या जणांना होऊ लागली, की युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर तसंच ठेवायच्या वस्तूंत त्यावर बंदी घातली. शाम्पूसारख्या धुऊन टाकायच्या वस्तूंत मर्यादा ०.००१५ टक्के. म्हणून आधी क्रीम-लोशन बदला, शाम्पू-साबण नंतर.

प्रतिसाद २
‘पॅराबेन-फ्री’वर भाळू नका. पॅराबेन काढलं की दुसरं प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं, आणि ती जागा बऱ्याचदा वर सांगितलेल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोननेच घेतली. मिथाइलपॅराबेनची ॲलर्जी क्वचितच होते. शरीरातल्या हार्मोनवर परिणाम होण्याची शंका प्रोपाइलपॅराबेन आणि ब्युटाइलपॅराबेनबाबत जास्त आहे, ते टाळलेले बरे.

‘परफ्यूम’ या एका शब्दाआड कित्येक रसायनं असू शकतात. ‘अनसेंटेड’ही फसवं, कारण मूळचा वास दाबायला त्यात सुगंध घातलेला असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ लिहिलंय का बघा आणि यादीत लिमोनिन, लिनॅलूल नाहीत ना याची खात्री करा. हे दोन्ही नैसर्गिक तेलांत असतात आणि हवा लागून ऑक्सिडाइझ झाले की ॲलर्जी करतात.

प्रतिसाद ३
घरी करायचं तर फक्त तेल, शिया-कोकोसारखं बटर, मेण यांचं बाम करा, भांडी आणि हात कोरडे ठेवून. कोरफडीचा गर, गुलाबपाणी किंवा साधं पाणी पडलं की जंतू वाढतात, आणि बुरशी दिसायच्या आधीच वाढलेले असतात. व्हिटॅमिन ई तेलाचा खवटपणा लांबवतं, जंतू मारत नाही.

गोरं करणाऱ्या ज्या क्रीमवर घटकच छापलेले नाहीत, ते घेऊच नका. त्यात पारा असू शकतो, आणि त्याने मूत्रपिंडं बिघडतात. यादी असली तर कॅलोमेल, मर्क्युरिक, मर्क्युरिओ हे शब्द शोधा.

नवीन क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, रोज दोनदा ७ ते १० दिवस लावा. ॲलर्जी उशिराने उठते, एका रात्रीत कळत नाही. खाज सुटली किंवा पुरळ आलं तर तिथेच थांबवा. शाम्पूची मात्र अशी चाचणी करू नका. तो धुतला नाही तर त्यातल्या फेस आणणाऱ्या घटकानेही त्वचा लाल होते.