स्ट्रॅट धाटणीच्या गिटारचे सॅडल बदलायचे आहेत, बजेट दोन हजार, कोणते घेऊ?

नमस्कार मंडळी,

माझी इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅटोकास्टर धाटणीची आहे, सहा सॅडलचा (सॅडल म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तार जिथे टेकते तो तुकडा) ट्रेमोलो ब्रिज, म्हणजे दांडीने हलवून सूर वरखाली करता येतो तो. नेक आणि पिकअप झकास आहेत, त्यामुळे गिटार बदलायचा विचार नाही. त्रास फक्त सॅडलचा. पहिली तार (०९ चा सेट लावतो, म्हणजे पहिली तार ०.००९ इंच जाडीची) सारखी तुटते, आणि दर वेळी सॅडलवर टेकते तिथेच. ट्रेमोलो तरंगता ठेवलाय, म्हणजे बॉडीला न टेकवता तारा आणि मागच्या स्प्रिंगांच्या ओढीवर तोललेला. एक तार गेली की मागच्या स्प्रिंगांची ओढ वरचढ होते, उरलेल्या पाचही तारा चढतात आणि चालू गाण्यात गिटार खाली ठेवावी लागते. नवरात्रात ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम आहेत, तेव्हा हे नको आहे.

सॅडल जस्ताच्या मिश्रधातूचे, ओतीव. वरचा मुलामा उडालाय आणि आतल्या मऊ धातूत तारेने खाच पाडलीय. कापसाचा बोळा फिरवला की तंतू अडकतात. बारीक पॉलिश पेपरने खाच घासून घेतली की काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. त्यात रत्नागिरीची खारी हवा आणि हाताचा घाम. उंचीचे बारके स्क्रू गंजलेत, दोघांची अ‍ॅलन कीची खाच गोल झालीय. सहाव्या तारेचा मागचा स्क्रू जाम आहे. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा येतो, म्हणजे सॅडल मागे न्यायला हवा, पण तो हलतच नाही.

मापं घेतलीत. पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर ५२.५ मिमी, म्हणजे पाच फटी धरून सॅडल १०.५ मिमी रुंदीचे लागणार. ऑनलाइन स्वस्तात दिसतात ते बरेचसे ११.३ मिमीचे, जुन्या रुंद ब्रिजचे. सहा मिळून जवळपास पाच मिमी जास्त होतात, ते बसायचे नाहीत. उंचीच्या स्क्रूंना १.५ मिमीची की लागते, तेव्हा आटे मेट्रिक असावेत असं धरून चाललोय.

पितळ, स्टेनलेस स्टील आणि ग्राफ टेक कंपनीचे ‘स्ट्रिंग सेव्हर’ नावाचे काळे सॅडल, असे तीन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. पितळाने आवाज गोड होतो वगैरे बरंच वाचलं, पण मला आवाजात फरक नकोच आहे. तार टिकावी आणि गंज लागू नये एवढंच हवंय. म्हणून मन स्टेनलेसकडे झुकतंय. पण स्टेनलेसच्या सेटमध्ये स्क्रूही स्टेनलेसचेच येतात का? नसतील तर आमच्याकडे वर्षभरात पुन्हा हीच रड. स्ट्रिंग सेव्हरमध्ये वंगण मुरवलेलं असतं म्हणतात. ट्रेमोलो भरपूर वापरणाऱ्यांनी सांगा, त्यात खाच पडते का?

दुसरं, सहाही बदलणं बजेटबाहेर गेलं तर फक्त पहिल्या दोन तारांचे नवे आणि बाकीचे जुनेच ठेवून, स्क्रू तेवढे बदलले तर चालेल का? उंची जुळवून घेईन, पण दोन धातूंमुळे तारांचा आवाज वेगवेगळा जाणवतो का, ते प्रत्यक्ष वाजवून पाहिलेल्यांकडून ऐकायचंय.

आणि तो जाम स्क्रू! गंज सोडवायचं तेल रात्रभर सोडून ठेवलं तरी हललेला नाही. सोल्डरिंग आयर्नने तापवून बघावा का? बॉडीच्या पॉलिशला धक्का न लावता हे कुणी केलं असेल तर कसं केलं ते सविस्तर लिहा.

मुंबई-पुण्यात १०.५ मिमीचे सॅडल हातात घेऊन, मोजून विकत घेता येतील असं दुकान माहीत असेल तर तेही सांगा. पुढच्या आठवड्यात मुंबईला येतोय.