डी फार्म झालं, पुढे बी फार्म की सरळ नोकरी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. तिचं डी फार्म (औषधनिर्माणातला डिप्लोमा) यंदा झालं, दोन वर्षं आणि वर ते ५०० तासांचं ट्रेनिंग पण संपलं. ट्रेनिंग कोथरूडच्या एका मेडिकलमध्ये होतं, पहिले पंधरा दिवस नुसत्या एक्सपायरी झालेल्या स्ट्रिपा निवडायला लावल्या बिचारीला. आता तोच मालक म्हणतो कामाला ये, सकाळी दहा ते रात्री दहा, दुपारी दोन तास सुट्टी, पगार १३ हजार. आम्ही राहतो हडपसरला, दोन बस बदलून रात्री घरी कधी पोचणार ती?

दुसऱ्या एकाने तर कहरच केला, म्हणे यायची पण गरज नाही, फक्त सर्टिफिकेट दे भिंतीवर लावायला, महिन्याला पैसे पाठवतो. आई लगेच खूश, मी म्हटलं अजिबात नाही, उद्या एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) तपासणी आली तर नाव हिचंच अडकणार ना.

बी फार्मला, म्हणजे डिग्रीला, थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळते, म्हणजे अजून तीन वर्षं आणि फी. ड्रग इन्स्पेक्टरसाठी डिग्रीच लागते, डिप्लोमा चालत नाही, आणि हिला तेच व्हायचंय. पण बाबा रिटायर व्हायला आलेत.

कोणी नोकरी सांभाळून सरकारी दवाखान्यातल्या औषधनिर्माण अधिकाऱ्याच्या जागेची तयारी केलीय का? आणि बी फार्म करून पुण्यात क्यूसी (औषधांची गुणवत्ता तपासणी) किंवा फार्माकोव्हिजिलन्सला (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचं काम) लागलेल्यांनी सुरुवातीचा पगार खराखरा सांगा प्लीज, कॉलेजवाले सांगतात तो नको.