'मँचेस्टर बाय द सी' बघताना तुम्ही कुठे अडखळलात?

परवा हा सिनेमा पुन्हा बघितला. केनेथ लोनर्गनचा, २०१६चा. केसी अ‍ॅफ्लेकला अभिनयाचं आणि लोनर्गनला पटकथेचं ऑस्कर मिळालं हे बहुतेकांना माहीत असेल, तेव्हा परीक्षण नकोय. घरातलं कुणी गेल्यावर हा बघितला असेल तर कुठला सीन लागला, कुठे बंद करावासा वाटला ते लिहा. नसेल आवडला तर तेही लिहा. स्पॉयलर असणारच, न बघितलेल्यांनी इथूनच मागे फिरा.

---

मला लागला तो ली (केसी अ‍ॅफ्लेक) हॉस्पिटलात पोचतो तो भाग. भाऊ आधीच गेलेला, आणि लगेच प्रश्न, कुणाला फोन करायचा, पुतण्याला कोण सांगणार. माझा दादा गेला तेव्हा मी अगदी हेच करत होतो, फोन, कागद, सह्या, आणि लोक म्हणत होते किती खंबीर आहे बघा. खंबीर कसला, डोकं बंद पडलं होतं. रडू आलं ते कितीतरी महिन्यांनी, दादाच्या नावाने बँकेचं पत्र आलं तेव्हा.

---

फ्रीजरचा सीन!! जमीन गोठलीये म्हणून बापाला वसंतापर्यंत पुरता येत नाही, पुतण्या पॅट्रिक वरवर नॉर्मल, बँड, हॉकी, दोन दोन गर्लफ्रेंड, आणि एका रात्री फ्रीजरमधलं गोठलेलं चिकन खाली पडतं आणि तो ते परत कोंबत राहतो आणि कोसळतो. नवरा म्हणाला बाप गेलाय आणि याला पोरींचं पडलंय. मी काहीच बोलले नाही. बाबा गेले तेव्हा मी याच वयाची होते आणि मैत्रिणींत खिदळत होते म्हणून काकूने सगळ्यांसमोर सुनावलं होतं, ते अजून विसरले नाहीये.

---

मी उलटं लिहितो, रागावू नका. मला नाही झेपला. संथ आहे त्याचं काही नाही, पण लीच्या घराला आग लागून मुलं जातात त्या वेळी ते अल्बिनोनीचं अडाजिओ, ते संथ पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, एवढं मोठ्याने लावलंय की दिग्दर्शक मानगूट धरून रडवतोय असं वाटलं. अभिनय मात्र एक नंबर.

---

वरच्यांना, संगीताचं पटलं. पण त्याच प्रसंगात लीच्या बायकोचं, रँडीचं स्ट्रेचर अँब्युलन्समध्ये चढत नाही ते बघितलंत का? चाकं दुमडतच नाहीत, माणसं खटपट करतायत, आणि ली नुसता उभा. असल्या वेळी हटकून काहीतरी फालतू अडतंच. आमच्याकडे लिफ्ट बंद पडली होती.

---

वेगळी झालेली रँडी लीला रस्त्यात भेटते तो सीन मी अजून सलग बघू शकत नाही. दोघंही एकमेकांचं वाक्य तोडत बोलतात, ती माफी मागतेय आणि तो फक्त तिथून सटकायला बघतोय. धाकटी गेल्यावर आमच्या आईबाबांचं असंच व्हायचं, एकाने विषय काढला की दुसरा उठून जायचा. लहानपणी वाटायचं बाबांना काही वाटतच नाही. हे बघितल्यावर त्यांना फोन केला, बोललो मात्र गाडीच्या सर्व्हिसिंगबद्दल.

---

+१. शेवटी ली सरळ सांगतो की मला हे झेपत नाहीये आणि सिनेमा त्याला जबरदस्तीने बरा करत नाही, त्याबद्दल लोनर्गनला सलाम. मुलगा गेल्यापासून 'आता सावर' ऐकून कान किटलेत. आणि तरी तो पुतण्याची सोय लावतोच, बॉस्टनला जागा बघताना एक जास्तीची खोली हवी म्हणतो, पॅट्रिक कधी आला तर. मला तेवढं पुरलं.

---

एक विचारायचंय. भाऊ जाऊन वर्ष होत आलंय, आईला सिनेमे आवडतात. हा दाखवावा का?

---

विषय सांगून आधी तिलाच विचार. हो म्हणाली तर सोबत बस, आणि ली वकिलाच्या ऑफिसात शिरला की रिमोट हाताशी ठेव, आगीचा भाग तिथेच येतो. मधेमधे हसूही येतं, काका-पुतणे गाडी कुठे लावलीये ते शोधत भांडतात तिथे माझी आई खो खो हसली होती.