मदत हवी आहे : घरातली एकुलती एक गाडी म्हणून जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं डोक्यात घोळणारा प्रश्न आता निकाली काढायचा आहे. गाडी बघून झाली आहे आणि मालकांना पुढच्या रविवारपर्यंत उत्तर हवं आहे. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे सल्ला देणाऱ्याला पूर्ण चित्र समजेल.

घरात आम्ही पाच जण : मी, बायको, आई आणि दोन मुलं. राहायला पुण्यात, गाव चिपळूणजवळ. गणपती, शिमगा, मे महिना आणि मधेच काही निघालं तर, असं वर्षातून सहा-सात वेळा गावी जाणं होतं. रस्ता ठरलेला : सातारा, कराड, पाटण आणि मग कुंभार्ली घाट. सध्या अकरा वर्षं जुनी १.२ लीटरची पेट्रोल हॅचबॅक आहे. शहरात तिच्याबद्दल तक्रार नाही. पण गेल्या मे महिन्यात गावाहून परत येताना पाच माणसं, आंब्याच्या चार पेट्या आणि एसी, एवढं घेऊन घाट चढत होतो. पुढे भरलेला ट्रक. सरळ तुकडा मिळाला म्हणून दुसरा गिअर टाकून गाडी बाहेर काढली, तर ती पुढे सरकेचना. तेवढ्यात समोरून एसटी आली. ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे आलो. कुणाला काही झालं नाही. पण आईने मुलाचा हात घट्ट धरलेला मला आरशात दिसला, आणि ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या दिवसापासून ताकदवान इंजिन ही माझ्यासाठी नुसती हौस राहिलेली नाही. हौस आहेच, नाही असं म्हणणार नाही. गाडी चालवायला मला मनापासून आवडतं. पण आता पाच माणसांसकट ओव्हरटेक पटकन आणि निश्चिंतपणे पूर्ण झालं पाहिजे, ही अट पहिली.

बजेट साडेआठ लाख, सगळा खर्च धरून फार तर साडेनऊ. एवढ्यात नवीन गाडी घ्यायची तर पुन्हा १.२ लीटरच्याच आसपास यावं लागतं. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या मोठ्या गाड्यांकडे वळलो. पोलो जीटी टीएसआय (टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन) बघितली, छोटी आणि चपळ आहे, पण मागे तिघं बसले की मधल्याचे हाल. लिनिया टी-जेट चालवायला फार आवडली, पण कंपनीने भारतात ती गाडी बंद करून बरीच वर्षं झाली, सुट्या भागांसाठी वणवण करायची माझी तयारी नाही. ऑक्टाव्हियाची वेगवान आवृत्ती आरएस (२३० पीएस, म्हणजे साधारण तेवढीच हॉर्सपॉवर) आवाक्याबाहेर. राहिली साधी ऑक्टाव्हिया, २०१३ साली आपल्याकडे आली ती पिढी. १.८ टीएसआय म्हणजे १८० पीएस, २५० न्यूटन-मीटर टॉर्क (इंजिनाचा ओढण्याचा जोर), मागे मल्टिलिंक सस्पेन्शन आणि ५९० लीटरची डिकी. मागचं झाकण काचेसकट वर उघडतं, त्यामुळे आंब्याच्या पेट्या, गणपतीचं मखर, आईची घडीची खुर्ची, सगळं आत जाईल. युरो एनकॅप या युरोपातल्या सुरक्षा चाचणीत २०१३ साली तिला पाच तारे होते.

समोर आलेली गाडी २०१६ची, दुसरे मालक, ७४ हजार किलोमीटर, एमएच-१२ पासिंग. मागणी सव्वाआठ लाख, पावणेआठपर्यंत येतील असं वाटतं. पहिल्या पाच वर्षांच्या सर्व्हिसिंगची सगळी बिलं आहेत. त्यानंतर बाहेरच्या गॅरेजची दोनच बिलं, आणि त्या दोघांमध्ये जवळजवळ दोन वर्षांचं अंतर. टायरवरचा चार आकडी शिक्का १८१९ आहे, म्हणजे २०१९च्या अठराव्या आठवड्यातले. नक्षी शिल्लक दिसली तरी चारही बदलावे लागणार. आरसी बुकावर बँकेचा बोजा अजून आहे. कर्ज फिटलंय असं मालक म्हणतात, पण बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय मी टोकन देणार नाही, हे सांगून टाकलं आहे.

आता खरा प्रश्न. १.८ टीएसआय फक्त ७-स्पीड डीएसजी ऑटोमॅटिकमध्ये येते, आणि त्यातला गिअरबॉक्स ड्राय क्लचचा, डीक्यू२००. मला समजलं ते असं : यात दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी आणि एक सम गिअरसाठी. दोन्ही तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये गाडी इंच इंच सरकवली की तापतात. वर मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारी हायड्रॉलिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्सची पेटी. ती बिघडली तर गाडी जागेवर उभी राहू शकते, आणि खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. या गिअरबॉक्ससाठी काही देशांत रिकॉल झाले, चीनमध्ये तर वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवली होती. आमचं रोजचं जाणं-येणं वाकड ते हडपसर. संध्याकाळी सहाला त्या रस्त्यावर गाडी काय, माणूसही तापतो.

दुसरा पर्याय त्याच गाडीची १.४ टीएसआय मॅन्युअल. सुरुवातीला १४० पीएस, २०१७च्या फेसलिफ्टनंतर १५०. टॉर्क तोच, २५०. हे कळल्यावर मी चकित झालो. मग १.८ला टॉर्क जास्त का नाही? तर डीक्यू२००ची सहनशक्तीच २५०ची, म्हणून इंजिनाला तिथे लगाम घातलेला. म्हणजे घाटात खालच्या आरपीएमला फार फरक पडू नये, असा माझा तर्क. तो बरोबर आहे का?

पण बायकोचा डावा गुडघा दुखतो आणि आठवड्यातले तीन दिवस गाडी ती नेते. तिचं म्हणणं स्पष्ट आहे : "क्लच दाबायचाच असेल तर आहे ती गाडी काय वाईट आहे?" तिचं चूक नाही.

टेस्ट ड्राइव्ह पंधरा मिनिटांची झाली, सकाळी, थंड गाडीवर. काही खटकलं नाही. पण तेवढ्यावर विसंबावं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा :

गिअरबॉक्सची खरी अवस्था घेण्याआधी कशी कळेल? बिलांमधल्या दोन वर्षांच्या खंडाकडे किती गांभीर्याने बघू? ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा या इंजिनावर काय परिणाम? आणि दुरुस्तीसाठी किती रक्कम वेगळी काढून ठेवावी? घरात दुसरी गाडी नाही, त्यामुळे ती चार आठवडे गॅरेजमध्ये पडली तर आम्ही रिक्षावर.

*

पहिला प्रतिसाद

पाच वर्षं १.८ वापरतोय, नाशिकला. थोडक्यात सांगतो.

पंधरा मिनिटांची थंड ड्राइव्ह काही कामाची नाही. पाऊण तास ट्रॅफिकमध्ये चालवा, मग चढावर थांबून सोडा, मग पार्किंगमध्ये मागे-पुढे करा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आणि रिव्हर्समध्ये थरथर जाणवली तर क्लच संपत आलेत. त्यानंतर स्वतंत्र माणसाकडून गाडीच्या संगणकांचं पूर्ण स्कॅन करून घ्या. क्लच किती वेळा प्रमाणाबाहेर तापला याची नोंद गिअरबॉक्सच्या संगणकात असते. मीटर फिरवलेला असेल तर तेही काही वेळा दुसऱ्या मॉड्यूलमधल्या आकड्यांवरून उघडं पडतं.

वापरताना एकच पथ्य : सरकत राहू नका. ब्रेक पूर्ण दाबून थांबलात की क्लच सुटलेला असतो, त्याला त्रास नाही. त्रास होतो तो ब्रेक अर्धवट सोडून गाडी रेंगाळत ठेवल्याने. पुढच्या गाडीशी दोन गाड्यांचं अंतर पडू द्या, मग एकदम निघा. चढावर अॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवणं तर अजिबात नको.

इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. १.४ला बेल्ट. बॉनेट उघडून वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या घराभोवती वाळलेल्या गुलाबी कूलंटचे डाग आहेत का ते टॉर्च घेऊन बघा. ते गळणं या इंजिनात ऐकिवात आहे.

दोन वर्षांचा खंड मला आवडलेला नाही. टर्बो इंजिनाला तेल वेळेवर लागतं. किंमत त्या हिशोबाने खाली आणा.

*

दुसरा प्रतिसाद

दादा, इंजिनाचं सगळं लिहिलंत, पण आई गाडीत बसून बघितल्या का? सेडान खाली असते. माझ्या सासूबाईंना गुडघ्यामुळे अशा गाडीत बसता येतं, पण उतरताना दोघांनी हात द्यावा लागतो. आणि पाच माणसं नि भरलेली डिकी घेऊन गावच्या रस्त्यावरचे गतिरोधक तिरके घ्यावे लागतील, हेही धरून चाला.

*

तिसरा प्रतिसाद

डीक्यू२००ची धास्ती असेल आणि टॉर्कही हवा असेल तर २०१६नंतरची सुपर्ब १.८ मॅन्युअल शोधा. इंजिन तेच, पण मॅन्युअलमध्ये ३२० न्यूटन-मीटर. डीएसजीवाल्या सुपर्बला तेच २५०. कमी विकली गेली त्यामुळे मिळणं कठीण, पण मॅन्युअल मोठ्या गाडीला गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव खाली येतो.

ई२०बद्दल : ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचा. मायलेज थोडं घटेल, आणि रबरी नळ्या नि सील दर सर्व्हिसिंगला तपासून घ्या. गाडी महिनोन्महिने टाकी भरून उभी ठेवू नका.

*

माझं उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. एका दिवसात एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आईला बसवून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, याचं वाईट वाटतंय. शनिवारी तिला सोबत नेतोय. आधी तिने बसून उतरून बघायचं, मग पाऊण तास ट्रॅफिकमध्ये बायको चालवणार, मी नाही, कारण आठवड्यातले तीन दिवस तीच चालवणार आहे. मालक स्कॅनला तयार आहेत, फी माझी. सुरुवातीला आढेवेढे घेतले असते तर मी तिथेच थांबलो असतो.

पैशांचं असं ठरवलंय : गाडी सात लाख साठ हजारांच्या वर घ्यायची नाही, आणि दीड लाख वेगळ्या खात्यात टाकायचे, ज्यातून टायर, पहिलं मोठं सर्व्हिसिंग आणि गिअरबॉक्सची दुरुस्ती सोडून एक रुपयाही काढायचा नाही. दोन वर्षं गिअरबॉक्स नीट चालला तर पुढचा विचार.

सुपर्ब मॅन्युअलची कल्पना बायकोला सांगितली. "गुडघा तुझा असता तर?" एवढंच म्हणाली. तरी शनिवारी स्कॅनमध्ये काही निघालं तर पर्याय हाताशी हवा. सांगली-कोल्हापूरकडे कुणाच्या माहितीत २०१६ ते २०१८ची, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असलेली ऑक्टाव्हिया किंवा सुपर्ब असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघायला मी येईन.