इंदूर : छोट्या कारखान्यासाठी वकील कसा निवडावा? सल्ला हवा

सांवेररोड_खोकी
नमस्कार मंडळी. सांवेर रोडला आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. मी आणि धाकटे दीर भागीदारीत चालवतो. आजवर वकिलाची वेळ आली नव्हती, कागदपत्रांचं सगळं सीए साहेबच बघायचे. आता दोन गोष्टी एकदम अंगावर आल्यात. पुण्याच्या एका पार्टीकडे दिवाळीआधीच्या मालाचे पैसे अडकलेत. फोन उचलतात, "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणतात, पण खात्यात काही येत नाही. दुसरं म्हणजे इथल्याच एका नमकीनवाल्यांनी वर्षभराच्या पुरवठ्याचा करार पाठवलाय, इंग्रजीत, चांगला जाडजूड.

सासऱ्यांच्या ओळखीचे एक वकीलसाहेब आहेत. माणूस अतिशय सज्जन, पण काम मुख्यतः फौजदारी. त्यांच्याकडेच जावं, की हायकोर्टातलं मोठं नाव गाठावं? फी कशी ठरते, आधी काय विचारायचं, जाणत्यांनी सांगावं.

रामबागकर
ओळखीचा वकील असेल तर त्याला सोडू नका. अडीनडीला फोन उचलणारा माणूस लागतो. मोठ्या नावाकडे तुमची फाइल ज्युनिअरच्या टेबलावर पडून राहते.

पीथमपूर_टर्निंग
ताई, रामबागकरांचा मुद्दा खरा आहे, पण मी उलट बाजूने सुरुवात करीन. आधी काम कोणतं ते नक्की करा, वकील त्यावरून ठरेल. तुमच्याकडे वसुली आणि करार अशी दोन कामं आहेत आणि दोन्हींत एकच माणूस तरबेज असेल असं नाही.

वसुलीचं आधी. वकिलाकडे बसल्यावर तो दोन प्रश्न विचारतो का बघा. फर्म रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदलेली आहे का? आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) कधीची आहे? हे न विचारता "चला, दावा टाकू" म्हणणाऱ्याकडून उठून या. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरच्या येण्यासाठी बाहेरच्या पार्टीवर दावाच लावता येत नाही. नोटरी केलेली भागीदारी डीड म्हणजे नोंदणी नव्हे, आणि आपल्याकडे बऱ्याच घरगुती फर्म तेवढ्यावरच चाललेल्या असतात.

उद्यमचं महत्त्व असं की तुम्ही स्वतः माल बनवता. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे खरेदीदाराला माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. करारात ९० दिवस लिहिले तरी ४५ च्या पुढे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रार याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (छोट्या पुरवठादारांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे) करायची. पुरवठादार जिथला तिथलीच कौन्सिल ती ऐकते, खरेदीदार देशात कुठेही असो, म्हणजे पुण्याला खेटे घालायला नकोत. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि पार्टीला त्याला कोर्टात आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. उद्यम मात्र माल देण्याआधीचं हवं. नंतर काढलेलं जुन्या बिलांना लागू पडेल असं धरून चालू नका.

म्हणून वसुलीसाठी कौन्सिलची प्रकरणं खरोखर चालवलेला वकील शोधा. हायकोर्टाचा बेंच इंदूरला आहे म्हणून तिथलं मोठं नाव हवं असं काही नाही, तुमचं प्रकरण तिथून सुरूच होत नाही.

हिशेब_वही
मी सीए आहे, एक भर घालतो. उत्पादक सूक्ष्म किंवा लघु असेल आणि त्याचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर आयकराच्या नियमाप्रमाणे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. १ एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि पार्टीला एक पत्र पाठवून ठेवा. मार्च जवळ आला की त्यांचाच सीए त्यांच्या मागे लागतो. कित्येकदा नोटिशीआधीच पैसे सुटतात.

तुकोगंज_पेशी
माझे वडील अनेक वर्षं कोर्टात मुन्शी होते, त्यामुळे आतली बाजू पाहिलेली आहे.

नेटवर "इंदूरचे टॉप वकील" अशा याद्या दिसतात, त्यांवर जाऊ नका. बार कौन्सिलच्या नियमांत वकिलाला जाहिरातीची मुभाच नाही, तेव्हा त्या यादीतल्या क्रमाला काही अर्थ नाही. त्यापेक्षा ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा निवडून वकिलाच्या नावाने शोधा. कोणत्या प्रकारची प्रकरणं चालवतात, किती निकाली निघाली, किती नुसत्या तारखांवर आहेत, सगळं दिसतं. अर्धा तास बसलात तर ओळखीपाळखीतून कळणार नाही एवढं कळेल.

फी टप्प्याटप्प्याने ठरवा. नोटिशीची वेगळी, दाखल करण्याची वेगळी, पुढच्या पेश्यांची (सुनावण्यांची) वेगळी, आणि ते लिहून घ्या. "जेवढे वसूल होतील त्याचे इतके टक्के" असं कोणी म्हणालं तर तिथे थांबा. टक्केवारीवर फी घेणं वकिलाला नियमानेच मना आहे. पेशीला स्वतः उभे राहणार की ज्युनिअर, हे तोंडावर विचारा. ज्युनिअर असणं वाईट नाही, पण त्याला फाइल माहीत हवी. कोऱ्या वकालतनाम्यावर (वकिलाला आपल्या वतीने उभं राहायचा अधिकार देणारा कागद) सही करू नका आणि मूळ बिलं, चलनं देताना यादीवर पोच घ्या. पुढे वकील बदलायची वेळ आली तर फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच तसं सांगितलंय.

सांवेररोड_खोकी
सगळ्यांचे मनापासून आभार. फर्म नोंदलेली आहे आणि उद्यमही या पार्टीला माल देण्याच्या आधीचं आहे. एक सांगायचं राहिलं. पार्टीने एक चेक दिला होता, तो शिल्लक नाही म्हणून गेल्या आठवड्यात परत आला. ते म्हणतात, परत टाकू नका, आरटीजीएस करतो. थांबावं का?

पीथमपूर_टर्निंग
ताई, हे आधी सांगायला हवं होतं, कारण इथे दिवस मोजले जातात. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस जायला हवी. ती मिळाल्यावर पार्टीला १५ दिवस, आणि तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, तक्रार. आरटीजीएसच्या आशेवर थांबलात आणि मुदत टळली तर नंतर धावपळ होते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर बदलतं. १३८ मॅजिस्ट्रेटसमोर चालतं आणि तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात दाखल होतं, म्हणजे इंदूरलाच. फौजदारीवाल्यांचं हे रोजचं काम आहे. तेव्हा चेकसाठी सासऱ्यांच्या ओळखीच्या वकीलसाहेबांकडेच जा. उरलेल्या बिलांसाठी कौन्सिलचं काम करणारे दुसरे बघा, आणि एकीकडे काय लिहिलंय ते दुसरीकडे कळवत राहा.

तुकोगंज_पेशी
नोटिशीत चेकची रक्कम बरोबर येऊ द्या. सगळी बाकी एकत्र करून मोघम मागणी केली की समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. स्पीड पोस्टची पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंग कागद त्याच दिवशी काढून फाइलला लावा.

गत्ता_बोर्ड
कराराबद्दल कोणीच बोललं नाही. मीही पॅकिंग लाइनचाच. वर्षभराचा दर बांधून देताय, तर क्राफ्ट पेपरचा भाव चढला तर काय, हे त्यात आहे का? ज्या वकिलाला करार दाखवाल त्याने कच्च्या मालाबद्दल विचारलं नाही, तर तो फक्त इंग्रजी तपासतोय असं समजा. माल नापास करायचे कलम नीट वाचा. कायद्याने खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात, म्हणून प्रत्येक चलनावर त्यांच्या गोडाऊनची सही, शिक्का आणि तारीख घ्याच. लवादाचं ठिकाण कुठे लिहिलंय तेही बघा. दोघेही इंदूरचे असताना दिल्लीचा लवाद कशाला? या कामाला कोर्टात उभा राहणारा वकील नाही लागत, करार लिहिणारा लागतो. सही करण्याआधी त्याला दिलेली फी मला कधीच जड वाटली नाही.

सांवेररोड_खोकी
चेकचं काम वकीलसाहेबांना सांगितलं, उद्या बँकेचा रिटर्न मेमो आणि बिलं घेऊन बोलावलंय. नोटीस परवा निघेल म्हणाले. चलनं काढून बघितली, दोन-तीनांवर सही आहे पण शिक्का नाही. ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि ई-वे बिल आहे, ते चालेल ना?

पीथमपूर_टर्निंग
बिल्टी, ई-वे बिल आणि त्या मालाबद्दलचे ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश एकत्र लावा. जिथे त्यांनी "माल मिळाला" किंवा "पैसे देतो" असं लिहिलंय ते आधी जपा, फोन बदलायच्या आत. करार मात्र गत्ता_बोर्ड म्हणतात तसा करार लिहिणाऱ्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.