जाण, जाणीव की भान? पात्राला दोषी धरताना कोणता शब्द?

गंगापूररोडकर:
आमच्या वाचकगटात गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकावर बोलणं चाललं होतं, त्यातल्या दारुड्या सुधाकरवर. एक ताई म्हणाल्या, ‘दारूच्या नशेत त्याच्या हातून बाळाचा जीव गेला तेव्हा सुधाकरला जाणीवच नव्हती, मग दोष त्याचा कसा?’ त्यावर दुसरे म्हणाले, ‘भान नव्हतं म्हणा. जाणीव होती.’ पुढे दोघं तेच तेच बोलत राहिले आणि चहा गार झाला. आता त्यावर टिपण लिहायचंय, तर माझ्याच कच्च्या मजकुरात जाण, जाणीव, भान हे तिन्ही शब्द हवे तसे पडलेत. वापरात खरंच फरक आहे, की नुसता कीस पाडतोय आपण?

पंचवटीकर:
फरक आहे, आणि तो क्रियापदांत दिसतो. भान सुटतं, हरपतं, माणूस पुन्हा भानावर येतो. जाण कधी सुटत नाही; ती येते, असते किंवा आलेलीच नसते. तान्ह्या मुलाला आपण अजाण म्हणतो, बेभान म्हणत नाही. मिरवणुकीत ढोलापुढे नाचणारा बेभान असतो, त्याला अजाण म्हटलं तर तो भांडायला येईल. बरंवाईट ओळखण्याची मुरलेली समज ती जाण. आत्ता, या घडीला आपण काय करतोय याची शुद्ध ते भान. जाणीव या दोन्हींच्या मधे कुठेतरी येते. ती दुसरा कुणी ‘करून देऊ’ शकतो, जाण करून देता येत नाही. (उपकारांची जाण ठेवतात ती वेगळी, ती इथे नको.)

या हिशेबाने सुधाकरचं भान गेलेलं होतं, जाण शाबूत होती. वकील माणूस. दारू माणसाला पायरीपायरीने कशी खाली नेते हे तो रामलालला, आपल्या मित्राला, इतकं नीट समजावतो की दारूबंदीच्या व्याख्यात्याला जमू नये. स्वतःच्या पडझडीचं इतकं स्वच्छ निदान करणारं पात्र मराठी रंगभूमीवर दुसरं चटकन आठवत नाही. आपल्याकडे ‘कळतं पण वळत नाही’ म्हणतात ते हेच.

सिन्नरकर:
कोर्टाशी रोजचा संबंध आहे म्हणून दोन शब्द. कायदाही असाच विचार करतो. भारतीय न्याय संहितेत (1 जुलै 2024 पासून लागू) कलम 20 ते 24 वाचा. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हा धरत नाहीत. सात ते बारा वयात ‘पुरेशी समज आली होती का’ हे पाहतात, म्हणजे तुमची जाणच. नशा दुसऱ्याने नकळत किंवा बळजबरीने करवली असेल आणि माणसाला आपण काय करतोय हेच कळत नसेल, तर सूट आहे. आपल्या हाताने पेला भरला असेल, तर शुद्धीतल्या माणसाला जे कळलं असतं ते तुलाही कळत होतं असंच कायदा धरून चालतो. भान घालवलं ते जाण असताना, म्हणून सूट नाही. सुधाकरचं वकीलपत्र मी घेणार नाही.

देवळालीकर:
कायद्याचं ठीक, पण पात्र म्हणजे काही आरोपी नाही. आमच्याकडे मुलं एक एकांकिका बसवताहेत, त्यात यंत्र माणसाला मारतं. यंत्र कारणं देतं, हिशेब मांडतं, चुकत नाही. पण प्रेक्षक त्याच्यावर चिडत नाहीत, चिडतात बनवणाऱ्यावर. तिसऱ्या तालमीला मुलांनी यंत्राला एक वाक्य दिलं, ‘मला हे करायचं नव्हतं.’ झालं, सगळी चर्चा यंत्राकडे वळली! तर्क पहिल्यापासून होताच, ‘मी’ आल्यावर ते जबाबदार झालं. याला तुमच्या तिघांतला कोणता शब्द?

पंचवटीकर:
एकही पुरत नाही. ‘आत्मभान’ म्हणा, जरा समीक्षकी वाटला तरी. पण जबाबदार या शब्दातच उत्तर आहे, जबाब देऊ शकतो तो. हिशेब यंत्रही दाखवील. ‘तू हे का केलंस’ असं विचारल्यावर जो स्वतःकडे वळून पाहतो, तो जबाब देतो.

तपोवनकर:
इतक्या लांब कशाला जाता, आपल्या दाराशी मारीच आहे. वाल्मीकींच्या अरण्यकांडात रावण सोन्याच्या हरणाची योजना सांगतो तेव्हा सगळ्यांत शहाणं बोलतो तो मारीच. गोड बोलणारे सतत भेटतात, अप्रिय पण हिताचं बोलणारा आणि ऐकणारा दोन्ही दुर्मीळ, हे तोच रावणाला सुनावतो. रामाच्या बाणाची त्याने अशी धास्ती घेतलीय की रत्न, रथ असे ‘र’ने सुरू होणारे शब्द कानी आले तरी घाबरतो म्हणे. जाण आहे, भान आहे, जाणीव तर नको तेवढी आहे. आणि तरी जातो, कारण नाही म्हणालं तर रावण तिथेच मारणार.

सिन्नरकर:
मग त्याला थोडी सवलत आहे. तत्काळ मरणाच्या धमकीखाली केलेल्या कृत्याला कलम 32 आहे. खून वगळून, आणि देहान्ताची शिक्षा असलेले राज्याविरुद्धचे गुन्हेही वगळून.

तपोवनकर:
हरीण होऊन पर्णकुटीपुढे बागडला, तिथपर्यंत द्या सवलत. पण बाण लागल्यावर? मरण तर आलंच, आता रावणाची धमकी पोकळ झाली. त्या क्षणी तो रावणाचे शब्द आठवतो, सीता लक्ष्मणाला कशी धाडेल याचा विचार करतो आणि रामाच्या आवाजात ‘हा सीते, हा लक्ष्मणा’ ओरडतो. ती हाक कुणी त्याच्याकडून जबरदस्तीने काढून घेतलेली नाही. गप्प मेला असता तरी चाललं असतं. माझ्या मते मारीचाचा खरा दोष त्या एका हाकेत आहे, आणि त्यासाठी मराठीत नेमका शब्द ‘जाणूनबुजून’.

देवळालीकर:
की स्वामिनिष्ठा? दिलेला शब्द मरतानाही पाळला, असंही म्हणतील लोक.

तपोवनकर:
म्हणोत. निष्ठा कुणाशी ठेवायची हेही जाणत्यालाच विचारतात ना.

गंगापूररोडकर:
मारीच टिपणात घेतोच. पण मग शूर्पणखेचं काय? ‘तिला भान राहिलं नाही’ असं सर्रास लिहितात.

पंचवटीकर:
तिथे मला तो शब्द खटकतो. राम तिला थट्टेने लक्ष्मणाकडे पाठवतो, लक्ष्मण परत रामाकडे. वाल्मीकी तिला ‘परिहासाविचक्षणा’ म्हणतात, थट्टा न कळणारी. ती ऐकलेलं खरं धरते. सीतेवर धावून जाते ते त्यानंतर, आणि ते कृत्य तिचंच, त्यात वाद नाही. पण त्याआधीच्या प्रसंगात थट्टा चाललीय हे कुणाला कळत होतं आणि कुणाला नाही, एवढं तरी लिहा. नाशिक हे नाव लोक तिच्याच नाकावरून सांगतात, आणि तिच्यासाठी तीनांतला एकही शब्द आपण धड वापरत नाही.