संग्रहालयाच्या वाड्याचं धाबं (मातीचं सपाट छत) गळतंय, स्लॅब टाकावा का?

आम्ही गावातली सात-आठ जणं अमळनेरजवळच्या जुन्या वाड्यात संग्रहालय चालवतो, पगारी कुणी नाही. परवा धाबं गळलं, मोडी कागदांचा एक रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) भिजला. काळजाचं पाणी झालं.

उत्तर: स्लॅब नकोच भाऊ! मातीच्या भिंती तो भार पेलणार नाहीत. सध्या ताडपत्री टाका. उघडीप मिळाली की खारी माती पसरून चोपण्याने ठोका, पन्हाळी मोकळ्या करा.

उत्तर: कागद उन्हात नको, सावलीत पंख्याखाली वाळवा. चिकटलेली पानं ओढू नका. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात विचारा, १९२७ पासूनची इतिहास संशोधनाची संस्था आहे.

ताडपत्री टाकली, भाऊ. रुमाल आमच्या ओसरीवर सोडून ठेवलाय, आई राखण बसलीय. सोमवारी धुळ्याला निघतो.